बुधीमावशीने पास केलेला कागद

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला फारसं कळत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, ती पण धाकटी भावंडं सांभाळून. त्यानंतर या हातात पेनापेक्षा कातर जास्त राहिली. म्हणून या वहीत चुका असतील, त्या माझ्या. वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी कधी कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागून ठेवते. कागदावर माफी मागायला मला जड जात नाही. तोंडाने मागायची झाली की माझा आवाजच फुटत नाही.

लिहायला बसले ती रागाने. परवा आमच्या नव्या वस्तीचं उद्घाटन झालं. मांडव, खुर्च्या, गुलाबाचे हार. जिन्याजवळ काळ्या दगडाची पाटी लावली आहे. त्यावर वर सरकारी ऑफिसच्या साहेबांची नावं आणि खाली कंपनीच्या मालकाचं. एक पाहुणे भाषणाला उभे राहिले. म्हणाले, सरकार आणि खाजगी कंपनी यांनी हातात हात घालून हा परिसर उभा केला, आता बाकीच्या शहरांनी हा नमुना घ्यावा. मग म्हणाले, "सुरुवातीला काही अशिक्षित लोकांच्या गैरसमजामुळे कामाला उशीर झाला, पण आम्ही त्यांची समजूत घातली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसायची माझी छाती झाली नाही. भाषण करणाऱ्याचा राग आला तो आला, पण त्याहून जास्त माझ्याच दोन हातांचा आला.

अशिक्षित म्हणजे कोण, ते मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. अशिक्षित म्हणजे बुधीमावशी. ती गेल्या पावसाळ्यात वारली. पाटीवर तिचं नाव नाही, म्हणून इथे लिहिते.

बुधवारी जन्मली म्हणून बुधी. गणेशपुरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. नवरा भिवंडीत लूमवर कामाला लागला, तिला कामतघरच्या चाळीत घेऊन आला आणि छातीच्या दुखण्याने लवकर गेला. ती परत पाड्यावर गेली नाही. चाळीमागच्या कापडाच्या गोडाऊनमध्ये ताके तपासायला लागली. मी तिथे धागे कापायला गेले तेव्हा ती तिथली जुनी झालेली होती.

ताका म्हणजे लूमवरून उतरलेल्या कापडाचा गठ्ठा. तो तिरक्या काचेच्या टेबलावरून ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट असते. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ विणलेला पट्टा, काही दिसलं की खडूची खूण करायची. बुधीमावशी खडू कानावर ठेवायची, बिडी ठेवतात तसा. मी शेजारी बसून लोंबणारे धागे कापायची. शेवटी ती म्हणायची, "पास." तो शब्द ती उगाच उच्चारायची नाही. पास केलेला ताका व्यापाऱ्याकडून परत आला तर तिच्या पगारातून पैसे कापले जायचे. मी होते त्या सगळ्या वर्षांत तिचे दोनदाच कापले गेले, आणि दोन्ही वेळेला ती मुकादमाला म्हणाली, "काप. नजर माजी व्हती." बाकीच्या बाया भांडायच्या, लाइट गेली होती, ट्यूब मंद होती. हिने कधी ट्यूबचं नाव घेतलं नाही.

तिची एक खोड होती. कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. ताट, भाजीची जुडी, लग्नाची पत्रिका, नवी साडी. नव्या साडीची पाठ बघून तिचा भाव सांगायची आणि तो बरोबर निघायचा. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा मी तिला मुलाकडे सोबत नेलं. पुढच्या खोलीत सरबत आलं, सगळे सोफ्यावर बसले आणि ही गायब. मी घाबरले. बघते तर घराच्या मागे जाऊन मोरी बघत उभी. मुलाची आई मागून धावली, "अहो, इकडे कुठं? इकडे पसारा आहे!" ही म्हणाली, "तोच बघायचा हाय. पोरीला तुमच्या सोफ्यावर थोडंच बसायचं?" मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण त्या बाईला हसू आलं. मुलगी सुखात आहे. तिची मोरी मोठी आहे आणि पाणी भरपूर आहे.

मला ती मास्तरीण म्हणायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, मला चौथीचं यायचं, म्हणून. मी कुणाशी जास्त बोलत नाही याची ती चेष्टा करायची. "मास्तरणीला तोंड देवानं दिलंय, चावी द्यायची राहिली," असं सगळ्यांसमोर म्हणायची. पण पत्र, वीजबिल, औषधाची चिठ्ठी, काहीही असलं की माझ्याकडेच यायची, आणि मी वाचत असताना कुणी मध्ये बोललं तर त्याच्यावर खडू फेकायची.

एके दिवशी चाळीसमोर मांडव पडला. आमची चाळ, समोरचा भाजीबाजार, मागची गोडाऊनची गल्ली, हा सगळा भाग पाडून नवा बांधणार असं समजलं. जमीन सरकारी ऑफिसची, बांधणार कंपनी. भागीदारी. हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, नंतर तो इतका ऐकला की झोपेत पण ऐकू यायचा. काचेच्या पेटीत छोट्या इमारती मांडल्या होत्या, हिरव्या स्पंजची झाडं, बोटाएवढी माणसं. कंपनीचा एक तरुण माणूस काठीने दाखवत होता. आम्ही त्याला नंतर काचवालाच म्हणायला लागलो.

सगळ्या बाया समोसा खात झाडं बघत होत्या. बुधीमावशी गुडघ्यावर बसून पेटीच्या मागे डोकावली.

"ह्याची पाठ कुठं हाय?"

काचवाला हसला. "मावशी, ये मॉडल है. इसकी पीठ नहीं होती."

"पाठ न्हाय? मग धुणं कुठं वाळनार? सिलेंडर कुठून वर जाणार? आन मेलं माणूस कुठून खाली आननार?"

"मावशी, इतनी अच्छी बिल्डिंग में मरने की बात क्यों करते हो?"

"का? मरायचं न्हाय असं लिवून देतोस?"

बाया हसल्या. ऑफिसचे एक साहेब बसले होते, ते नाही हसले. ते घड्याळ बघत होते.

प्रत्येक घराने चाळीस हजार अनामत द्यायची होती, नव्या इमारतीच्या देखभालीसाठी. पैसे ऑफिस आणि कंपनीच्या एकत्र खात्यात राहतील असं सांगितलं. चाळीस हजार आमच्यासाठी किती होते ते मी लिहीत बसत नाही. माझे कानातले गेले आणि भिशी मोडली. शेजारच्या रुखसानाभाभीच्या नवऱ्याने लूममालकाकडून उचल घेतली आणि मग वर्षभर रविवारी पण ड्युटी केली. पण पैसे देण्याआधी सगळ्या चाळीने एकच विचारलं, बुधीमावशी काय म्हणते?

ती म्हणाली, "कागद बघू."

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो करार तपासला. त्याच तिरक्या टेबलावर, खाली ट्यूब लावून. मी वाचायची, ती ऐकायची. खटकलं की, "थांब, परत वाच," आणि त्या ओळीसमोर खडूची खूण. अशा पाच खुणा झाल्या. काचवाला आला, त्याने कुरकुरत चार ओळी बदलून आणल्या, पाचवी समजावून सांगितली. तिसऱ्या दिवशी शेवटची पानं राहिली. त्यात एक परिच्छेद होता, बारीक टाइपाचा, वर परिशिष्ट असं लिहिलेलं. त्यातले शब्द माझ्याच्याने जुळेनात. दोनदा अडखळले. समोर आठदहा बाया डबे उघडून बसल्या होत्या, मास्तरीण काय वाचते ते बघत. माझे कान तापले. मी तो परिच्छेद सोडला आणि पुढच्या ओळीवर गेले.

बुधीमावशीने माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग म्हणाली, "पास."

दुसऱ्या दिवसापासून पैसे भरायला रांग लागली.

चाळ पाडली. आम्हाला राहनाळला गोडाऊनच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं. संक्रमण शिबिर म्हणतात त्याला. दीड वर्षासाठी सांगितलं होतं. दिवसभर ट्रक मागे घेताना ती घंटी वाजते ना, तिच्या आवाजात आमची पोरं अभ्यास करायची. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावला की चटका. दीड वर्ष गेलं, मग दोन वर्षं, मग तीन. कामतघरच्या आमच्या जागेवर पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा. कुंपणावर मोठं चित्र, हिरवी झाडं, फुगा धरलेला मुलगा. आणि त्यावर लिहिलेलं, भागीदारीतून विकास. मी कामाला जाताना रोज ते वाचायची. रोज वाटायचं, दगड उचलावा. उचलला कधी नाही.

लोकांनी अनामत परत मागितली. तेव्हा भागीदारी म्हणजे काय ते आम्हाला खरं कळलं. ऑफिसमध्ये गेलं की म्हणायचे कंपनीकडे जा. कंपनीकडे गेलं की म्हणायचे ऑफिसकडे जा. रिक्षाला पैसे घालून बाया या दारातून त्या दारात. दोन वर्षं. आणि राग निघायचा तो बुधीमावशीवर. पाण्याच्या टाकीपाशी एक बाई तिला तोंडावर म्हणाली, "तू पास म्हणालीस म्हणून दिले. आता तूच दे." बुधीमावशी, जी कुणाचं ऐकून घ्यायची नाही, ती हंडा उचलून गप निघाली. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी नळाखाली भांडं धरून उभी राहिले.

त्याच आठवड्यात तिने अर्ध्या बायांना रुखसानाभाभीबरोबर कंपनीच्या ऑफिसात पाठवलं आणि अर्ध्यांना घेऊन स्वतः सरकारी ऑफिसात गेली. मी तिच्याबरोबर होते. तिथला क्लार्क नेहमीसारखंच म्हणाला, "बाई, अनामत कंपनीकडे आहे. आमच्याकडे एक पैसा नाही. आम्ही फक्त भागीदार."

"भागीदार म्हंजे काय?"

"म्हणजे जमीन आमची, बांधकाम त्यांचं."

"आन आमचे पैसे?"

"ते त्यांना विचारा."

मावशीने मला खूण केली. मी रुखसानाभाभीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भाभीचा आवाज आला, "मावशी, ये बोलता है पैसा सेफ है. ऑफिस ने परमिशन नहीं दी, इसलिए खाता नहीं खुला. बोलता है ऑफिस को पूछो."

"फोन त्याच्याच म्होरं ठेव, भाभी," असं म्हणत मावशीने माझा फोन उचलून क्लार्कच्या रजिस्टरवर ठेवला. "आता बोला. तुमी म्हणता त्याला इचार, तो म्हणतो तुमाला इचार. आमी दोन वरीस तुमचे निरोप नेले. आज आमी बसतो. तुमीच बोला."

आणि ती खरंच फरशीवर बसली. सगळ्या बाया बसल्या. पंख्याचा आवाज येत होता. फोनमधून काचवाला म्हणाला, "हॅलो?"

क्लार्क म्हणाला, "हॅलो."

"कौन?"

"मी... इकडून बोलतोय. ऑफिसमधून."

"जी सर. बोलिए."

क्लार्कने आमच्याकडे बघितलं. "नंतर करतो."

"नंतर न्हाय," मावशी म्हणाली. "लगीन लागून तीन वरसं झाली तुमचं. अजून बोलायला लाजता?"

फोनच्या त्या टोकाच्या बाया पण हसलेल्या ऐकू आल्या. क्लार्क चिडला. फाइल काढून त्याने एक पान आमच्यापुढे आपटलं. "हे वाचा. एकत्र खातं उघडेपर्यंत रक्कम कंपनीकडे राहील आणि कंपनीला ती कामासाठी वापरता येईल. खाली तुमच्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. वाचून केलेत ना?"

तो तोच परिच्छेद होता. बारीक टाइपाचा. मला ते पान लांबूनच ओळखू आलं. बुधीमावशीने पान हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. "बरं," म्हणाली. "हे माज्या नजरेतून सुटलं." बायांनी ते ऐकलं. मी पण ऐकलं. आणि गप राहिले.

मी चूक केली ते मी लिहिलं आहे. पण आता मला विचारायचं आहे. ज्यांना तो परिच्छेद वाचता येत होता, त्यांनी काय केलं? ऑफिसच्या साहेबाला येत होता. कंपनीच्या वकिलाला येत होता, त्यानेच तो लिहिला. खातं कधीच उघडायचं नाही हे दोघांना चालत होतं. आमच्यासमोर समोसे वाटताना एकाने तरी ते पान वर काढून दाखवलं का? धागे कापणाऱ्या बाईने अडखळून सोडावं असंच ते लिहिलं होतं. आणि उद्घाटनाला म्हणतात, गैरसमज.

त्या फोनचा परिणाम असा झाला की दोघांना एका दिवशी एका जागी यावं लागलं, आमच्या राहनाळच्या मैदानात. ऑफिसकडून नव्या बदलून आलेल्या मोठ्या मॅडम येणार होत्या. त्याआधी कंपनीने नवा नकाशा पाठवला. खोल्या तेवढ्याच मापाच्या आहेत, जुनं विसरा, नव्यावर सह्या करा. बुधीमावशी म्हणाली, "कागदावर समद्यांचं घर मोठं दिसतं. जमिनीवर काढू."

गोडाऊनमधून तिने कोऱ्या कापडाची लांब पट्टी आणली. तिथल्या भिंतीवरच्या, कापड मोजायच्या लोखंडी गजाला लावून मी तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. त्या पट्टीने मोजून, पांढऱ्या फक्कीने आम्ही मैदानात नव्या नकाशातली एक खोली, मोरी, बोळ आणि जिना असं सगळं पूर्ण आकारात आखलं. बाया आत जाऊन बसल्या. इथे ओटा, इथे कॉट, इथे देव. पोरांनी त्यात लंगडी घातली आणि दोन दिवसांत फक्की फिसकटली. मॅडम येणार म्हणून सकाळी परत नीट आखायचं ठरलं. आणि पट्टी मळली होती. पाहुणे येणार, मळकी पट्टी त्यांच्यापुढे कशी धरायची, म्हणून बुधीमावशीने आदल्या दिवशी ती साबण लावून स्वच्छ धुतली आणि वाळत घातली.

कोरं कापड धुतलं की आटतं. हे भिवंडीत शेंबड्या पोराला पण माहीत आहे. आम्हा दोघींना त्या दिवशी आठवलं नाही, आणि सकाळी त्याच पट्टीने मोजून परत आखलं.

मॅडम आल्या, सोबत ऑफिसचे ते घड्याळ बघणारे साहेब, कंपनीचा इंजिनिअर आला, काचवाला आला. बायांनी खोली दाखवली, बघा किती लहान. इंजिनिअरने स्टीलची टेप काढली, फक्कीवर धरली आणि हसायला लागला. "मॅडम, यांनी आखलेली खोलीच आमच्या नकाशापेक्षा हातभर कमी आहे. हे कशाने मोजलं?" काचवाल्याने बाजूला पडलेली आमची पट्टी उचलली, टेपला लावली. "मॅडम, माप लेना आता नहीं और हिसाब मांगते हैं." त्यांच्याबरोबरचे सगळे हसले. मॅडमनी फाइल मिटली. मला वाटलं, संपलं. चाळीस हजार गेले, घर गेलं.

बुधीमावशीने पट्टी त्याच्या हातातून घेतली. दोन बोटांत चोळून बघितली. तिचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. मी ही धुतली. कापड आटलं. पंचवीस वरीस कापडात काढली आन इसरले. चूक माजी." खडू कानावरून काढून तिने इंजिनिअरपुढे धरला. "आता तुज्या पट्टीनं तू आख. तुज्याच हातानं."

मॅडम म्हणाल्या, "आखा."

इंजिनिअरला उन्हात वाकून सगळं परत आखावं लागलं. खोली थोडी मोठी झाली. मग मावशीने एक कॉट मागवली. काचवाल्याला म्हणाली, "ये, निज ह्याच्यावर."

"मैं? क्यों?"

"तू आजारी हायेस. छातीत कळ आलीय. तुला खाली न्यायचंय."

"मावशी, मजाक मत करो."

"झोपा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

तो बूट काढून झोपला. चार पोरांनी कॉट उचलली, खोलीतून काढली, बोळात आणली. बोळ वळतो तिथे कॉट अडकली. पुढची पोरं फक्कीच्या रेषेबाहेर गेली की बाया ओरडायच्या, "भिंत! भिंत लागली!" तिरकी केली, उभी केली, काचवाला दोन्ही हातांनी कॉट धरून, "अरे गिराओगे क्या!" तीन वेळा प्रयत्न झाला. माणूस त्या इमारतीतून खाली येईना. मावशी त्याच्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "मी तवाच इचारलं व्हतं. मेलं माणूस कुठून आननार? तू म्हणलास, पाठच न्हाय."

मॅडम उठल्या आणि स्वतः त्या रेषांमधून चालल्या. खोलीत, मोरीत, बोळात. मग म्हणाल्या, "आणि अनामतीचं काय आहे?"

"मास्तरीण," बुधीमावशी म्हणाली, "ते पान वाच."

मी उभी राहिले. पान माझ्याकडेच होतं, क्लार्ककडून त्याची प्रत घेतल्यापासून मी ते रोज काढून बघायची. सगळा परिच्छेद मी वाचला. दोन शब्दांना अडखळले, पण सोडला नाही. वाचून झाल्यावर मॅडमनी काचवाल्याला विचारलं, "खातं का उघडलं नाही?" त्याने ऑफिसच्या साहेबाकडे बघितलं. साहेबाने त्याच्याकडे बघितलं.

"दोघं एकमेकाकडं नका बघू," मावशी म्हणाली. "चूक कुनाची ते एकानं तरी म्हणा. मी म्हणलं ना आता, समद्यांम्होरं? मेले का मी?"

काचवाला वाकून बूट घालायला लागला, साहेब घड्याळ बघायला लागले.

पण मॅडमनी तिथेच ठरवलं. आधी सगळ्यांची अनामत परत, मग नवा करार. मावशीने हट्ट धरला आणि नव्या करारात तिचं म्हणणं आलं. पैसे एकत्र खात्यात, आणि ते काढायला ऑफिस, कंपनी आणि आमच्यातली एक बाई, अशा तीन सह्या. करारातली प्रत्येक ओळ, बारीक टाइपाची सुद्धा, मैदानात मोठ्याने वाचायची, आणि वाचणार तो कंपनीचा माणूस. आणि जे बांधणार ते आधी जमिनीवर फक्कीने काढायचं, त्यातून कॉट फिरली तरच सही. बोळ रुंद झाला तो असा. मागच्या बाजूला धुणं वाळायच्या गॅलऱ्या आल्या त्या अशा. परवा पाहुण्यांनी त्याच गॅलऱ्यांकडे बोट दाखवून म्हटलं, कंपनीची दूरदृष्टी.

अनामत हप्त्याहप्त्याने परत यायला वर्ष लागलं. कुणाची आधी द्यायची यावर भांडण व्हायला लागलं तेव्हा मावशीने सांगून टाकलं, "माजी शेवटी." पाण्याच्या टाकीपाशी तिला बोललेल्या बाईचे पैसे तिने पहिल्या हप्त्यात बसवले. तोवर तिचे गुडघे गेले होते. ती पाड्यावर भावाच्या घरी राहायला गेली. तिने कंपनीला कळवलं होतं की पैसे रोख मास्तरणीजवळ द्या, बँकेची पायरी मला चढवत नाही. मी तिची सही केलेली, म्हणजे अंगठ्याची, चिठ्ठी घेऊन गेले आणि पैसे आणले. गणेशपुरीला एसटीने उतरून तिच्या पाड्यापर्यंत चालत गेले. भात कापून झालं होतं, खाचरं मोकळी होती.

ती ओटीवर सूप उलटं करून, त्याची पाठ शेणाने सारवत बसली होती. मला बघून हात धुतले. मी पैसे पुढे ठेवले, पण तिने घ्यायच्या आधी मी बोलले. वाटेत एसटीत सगळं घोकलं होतं.

"मावशी, ते पान मी सोडलं होतं. मला वाचता आलं नाही. बाया बघत होत्या म्हणून सोडलं. तुझी नजर नाही चुकली. मी सोडलं."

तिने मान पण वर केली नाही. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. शंभर लूम चालत आसले आन एक थांबला तरी कानाला कळतं. तू थांबलीस, मंग पुढच्या वळीवर गेलीस. मी बघितलं तुज्याकडं. कान लाल झालं व्हतं तुजं. म्हणलं, पोरीला समद्या बायांत का शरमवू?" मग तिने सूप बाजूला सरकवलं. "तिथंच इचारायला पायजे व्हतं. चूक माजीच. तू नको घेऊ ती."

मला रडू आलं. तिला रडलेलं चालायचं नाही, म्हणून तिने पैसे ओढून घेतले आणि मोजायला बसली. पाचशेच्या ऐंशी नोटा. प्रत्येक नोट सुलटी बघायची, मग उलटी, मग उन्हाकडे धरायची, टेबलाखालच्या ट्यूबपुढे धरल्यासारखी. एका नोटेला कोपऱ्यात शाईचा डाग होता. तिचा हात कानाकडे गेला, खडू शोधायला. खडू नव्हता. ती हसली आणि ती नोट पण गड्डीत ठेवली.

शेवटची नोट तिने दोनदा उलटी केली. गड्डी पदरात बांधली आणि म्हणाली, "पास."

चाळीस हजार. पूर्ण मिळाले.